३८ टक्के पाय, ३० टक्के कान, तरी "बसत नाही" म्हणाले: संजय गांधी निराधारबद्दल सविस्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की धाकटा भाऊ ३२ वर्षांचा, लहानपणी पोलिओ झालेला, शिवाय ऐकायलाही कमी येतं, जुनी दोन सर्टिफिकेटं आहेत, पायाचं ३८ टक्के आणि कानाचं ३० टक्के, आणि तहसीलला सांगितलं की ४० टक्क्यांच्या खाली आहे म्हणून संजय गांधी निराधार योजनेत बसत नाही. आईवडील मजुरीला जातात. शेजारच्या काकूंचं याच योजनेचं अनुदान मंजूर होऊनसुद्धा चार-पाच महिने खात्यावर काही नाही. आणि केंद्राची पेन्शन वेगळी मिळते का. मी तालुक्याच्या ठिकाणी दिव्यांगांच्या अर्जांचंच काम करतो, बरीच वर्षं झाली, तर जे माहिती आहे ते सगळं लिहितो, थोडं लांबेल.

आधी भावाचं, कारण तिथे सरळसरळ अन्याय होतोय. दोन वेगवेगळी अपंगत्वं असतील तर दोन कागद वेगळे वेगळे बघून "हाही ४० च्या खाली, तोही ४० च्या खाली" असं म्हणायचंच नसतं, दोन्हीची मिळून एक टक्केवारी काढायची असते. ती नुसती बेरीज नसते, त्याचं सूत्र आहे. मोठा आकडा जसाच्या तसा ठेवायचा, मग ९० मधून तो मोठा आकडा वजा करायचा, जे येईल त्याला लहान आकड्याने गुणायचं आणि ९० ने भागायचं, आणि ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. भावाचं करून बघा, ९० वजा ३८ म्हणजे ५२, गुणिले ३० म्हणजे १५६०, भागिले ९० म्हणजे १७ च्या वर थोडं, ते ३८ मध्ये मिळवलं की ५५ टक्के. म्हणजे तो ४० च्या चांगलाच वर आहे. हे सूत्र अपंगत्व तपासणाऱ्या मेडिकल बोर्डाच्या डॉक्टरांना माहीत असतं, पण अर्ज करतानाच एका अपंगत्वाचा केला तर डॉक्टर तेवढंच तपासतात, आणि तहसीलच्या टेबलावर बसलेल्या माणसाला कागदावर ३८ दिसतं म्हणून तो परत पाठवतो. अशी माणसं गावोगाव आहेत, दोन-दोन त्रास घेऊन जगतायत आणि कागदावर मात्र कुठेच नाहीत.

तर आता यूडीआयडीसाठी, म्हणजे केंद्र सरकारच्या दिव्यांग ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर नवीन अर्ज करा, आणि त्यात अपंगत्वाचा प्रकार विचारतात तिथे पाय आणि कान दोन्ही टाका. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा लागतो, मोबाईल नंबर चालू असलेलाच द्या कारण तारखेचा मेसेज त्यावर येतो. हॉस्पिटल निवडताना जिल्ह्याचं सिव्हिल किंवा सरकारी मेडिकल कॉलेज घ्या जिथे हाडांचे आणि कानाचे दोन्ही डॉक्टर असतील, ग्रामीण रुग्णालय जवळ पडतं म्हणून ते निवडलं तर कानाच्या तपासणीसाठी पुन्हा दुसरीकडे पाठवतात. बऱ्याच ठिकाणी कानाचा वार वेगळा आणि हाडांचा वार वेगळा असतो, आधी फोन करून विचारा, मजुरी बुडवून आलेल्या आईला तसंच परत जावं लागू नये. जुनी दोन्ही सर्टिफिकेटं, पोलिओचे जुने कागद असतील तर ते, आणि आधी केलेली कानाची तपासणी असेल तर तिचा रिपोर्ट सोबत न्या. आणि बोर्डापुढे स्पष्ट बोला की साहेब, दोन्ही मिळून टक्केवारी लिहा.

समजा तरीही कमी लिहिलं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपिलाची सोय आहे, ठरलेल्या मुदतीत अपील करता येतं. लोक हे करत नाहीत, डॉक्टरने लिहिलं म्हणजे संपलं असं धरतात, आणि मग तारीख निघून जाते.

अजून एक, सर्टिफिकेट हातात आलं की पहिल्यांदा टक्के बघू नका, ते कायमचं आहे की तात्पुरतं ते बघा. तात्पुरतं असेल तर त्यावर मुदतीची तारीख असते, ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि तीनेक महिने आधीच नूतनीकरणाला लागा. पोलिओचं बहुतेक कायमचं मिळतं, पण मानसिक आजार, लहान मुलांचं बौद्धिक अपंगत्व यात तात्पुरतं देतात, आणि मुदत संपली की पैसे थांबतात आणि घरच्यांना कळतही नाही का थांबले.

आता योजना. महाराष्ट्रात दिव्यांग व्यक्तीला दर महिन्याला जी रोख मदत मिळते ती मुख्यतः संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून, ही १९८० पासून चालू आहे. वय ६५ च्या आत, अपंगत्व किमान ४० टक्के, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहिलेलं पाहिजे, आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत. बाकीच्या निराधारांना, म्हणजे विधवा, परित्यक्ता वगैरे, ही मर्यादा २१,००० आहे. तहसीलमध्ये कधी कधी दिव्यांगालाही २१,००० ची अट सांगून परत पाठवतात, तेव्हा शांतपणे सांगा की दिव्यांगाला ५०,००० आहे. ६५ नंतर श्रावणबाळ योजनेत जावं लागतं.

रक्कम बरीच वर्षं ६०० होती, २०१९ ला १००० झाली, जुलै २०२३ पासून १५००, आणि दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २५००. हा शेवटचा निर्णय सप्टेंबर २०२५ च्या मंत्रिमंडळ बैठकीत झाला. त्याआधी विधवेला १५०० आणि दिव्यांगालाही १५०० असंच होतं, जेव्हा की २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की सामाजिक सुरक्षेच्या योजनांमध्ये दिव्यांगांची रक्कम इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असली पाहिजे. कायदा एप्रिल २०१७ ला लागू झाला, म्हणजे हे वेगळेपण दिसायला आठ वर्षांच्या वर गेली. आणि २५०० सुद्धा मला पुरेसे वाटत नाहीत, शेजारच्या तेलंगणात दिव्यांगाला ४०१६ मिळतात, आंध्रात जुलै २०२४ पासून ६०००. दिव्यांग माणसाच्या घरी खर्च दोन बाजूंनी येतो, औषध, रिक्षा, कुबडी, कानाचं मशीन हे तर आहेच, पण त्याला सांभाळायला जे माणूस घरी थांबतं त्याची मजुरी बुडते, आणि ती मजुरी कुठल्याच हिशोबात धरत नाहीत.

याच कारणाने ती ५०,००० ची मर्यादा मला सगळ्यात जास्त खुपते. महिन्याला ४१६६ रुपये होतात. नवराबायको दोघं मजुरीला जाणारी असतील, अगदी वर्षातून अर्धेच दिवस काम मिळालं तरी ही रेषा ओलांडली जाते. आणि वयाने ३२ वर्षांचा मुलगा आईवडिलांच्या उत्पन्नावर मोजायचा, म्हणजे त्याने आयुष्यभर त्यांच्यावरच अवलंबून राहायचं असं आपणच ठरवल्यासारखं होतं. मर्यादा वाढावी ही मागणी आम्ही सगळे करतोय आणि ती रास्त आहे. पण आज जो नियम आहे त्यात काम करायचं तर उत्पन्नाचा दाखला नीट निघाला पाहिजे. तलाठी, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, जबाब आणि पंचनामा घेतात त्यावर तो निघतो आणि तहसीलदारांची सही होते. जबाबात खरं तेच सांगा, पण पूर्ण सांगा. वर्षात किती महिने काम असतं, पावसाळ्यात किती, आईला गुडघ्यामुळे किती दिवस जाता येत नाही, हे सगळं. नाहीतर समोरचा माणूस एका दिवसाची मजुरी गुणिले ३६५ करून मोकळा होतो. आणि मोठा भाऊ लग्न होऊन वेगळा राहत असेल, रेशनकार्ड वेगळं असेल, तर ते जबाबात स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर त्याचाही पगार यात धरतात. रेशनकार्ड अजून एकत्रच असेल तर आधी ते विभक्त करून घ्या, हे काम अर्जाच्या आधीचं आहे.

केंद्राच्या पेन्शनचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजना. ती २००९ ला आली, त्यात अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त लागतं, वय १८ च्या वर आणि कुटुंबाचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत लागतं. केंद्र महिन्याला ३०० देतं, २०१२ पासून ३०० च आहे, ८० वर्षांच्या पुढच्यांना ५००. महाराष्ट्रात हे ३०० आणि संजय गांधीचे पूर्ण पैसे असे दोन वेगळे हप्ते मिळत नाहीत, केंद्राच्या ३०० वर राज्य आपली भर घालतं. त्यामुळे भावाच्या बाबतीत त्याच्या मागे धावू नका, ५५ टक्के आले तरी ती योजना लागू होत नाही आणि त्याने काही बुडतही नाही.

घरात दिव्यांग बाई असेल तर एक गोष्ट वेगळी सांगतो कारण यात फार गोंधळ झालाय. लाडकी बहीण योजनेत नियम असा आहे की दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १५०० किंवा जास्त मिळत असतील तर ती बाई पात्र नाही. दोन्हीकडे नाव घातलं तर पडताळणीत एक बंद होतं आणि कोणतं बंद होईल ते आपल्या हातात राहत नाही. दिव्यांग बाईला संजय गांधीचे २५०० आहेत, तिने तेच धरावं. आणि विधवा असून दिव्यांगही असेल, आणि पूर्वी विधवा गटातून मंजूर झालं असेल, तर रेकॉर्डला ती दिव्यांग म्हणून दिसणारच नाही, १५०० च येत राहतील. अशा बाईने यूडीआयडीची प्रत लावून नोंद बदलण्याचा अर्ज तहसीलला द्यावा, पोच घेऊन.

अर्ज कुठे करायचा तर तहसील कार्यालयात संजय गांधी शाखा असते तिथे, किंवा सेतू, आपले सरकार केंद्रावरून. वयाचा पुरावा, रहिवासी, उत्पन्न, अपंगत्वाचं सर्टिफिकेट, आधार, रेशनकार्ड, पासबुक, फोटो. मंजुरी तालुक्याच्या समितीच्या बैठकीत होते, तहसीलदार त्या समितीचे सदस्य सचिव असतात. बैठक लांबली की अर्ज नुसतेच पडून राहतात. म्हणून अर्ज दिल्यावर पोच घ्या, त्यावर शिक्का आणि तारीख पाहिजेच, आणि पुढची बैठक कधी ते विचारून ठेवा. कोणी म्हणालं की इतके इतके द्या, मी बैठकीत घालून देतो, तर देऊ नका. पैसे घेणाऱ्याला बैठकीत बसायचा अधिकार नसतो, यादीत नाव आधीच आलेलं असतं आणि तो फक्त यादी बघून आलेला असतो.

नामंजूर झालं तर कारण लेखी मागा. तोंडी "बसत नाही" याला काही अर्थ नाही. लेखी द्यायला टाळाटाळ केली तर माहिती अधिकारात अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि बऱ्याच वेळा तो अर्ज गेला की मूळ फाईलच हलते हे मी पाहिलंय. त्याच्या वर प्रांत, जिल्हाधिकारी. आणि कायद्यात दिव्यांगाला जो हक्क दिलाय तोच नाकारत असतील तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत, त्यांना समन्स काढायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, साध्या कागदावर तक्रार चालते, वकील लागत नाही.

आता शेजारच्या काकू, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे येणारी निम्म्याहून जास्त माणसं याच प्रश्नाची असतात. मंजुरीचं पत्र घरात आहे, पैसे नाहीत. पूर्वी तहसीलमधून बँकेला यादी जायची आणि खाते नंबरावर पैसे पडायचे. डिसेंबर २०२४ पासून हे डीबीटी (सरकारकडून थेट लाभार्थ्याच्या खात्यात) पोर्टलवरून जातं, म्हणजे पैसे आधार नंबरावर जातात, आणि आधार ज्या बँकेला शेवटचं सीड केलंय, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी जोडलंय, त्या बँकेत पडतात. पासबुकाची झेरॉक्स कुठल्या बँकेची दिली त्याने फरक पडत नाही. हे समजलं की अर्धा प्रश्न सुटतो.

आमच्याकडे एक बाई यायच्या, दोन्ही पायांनी चालता येत नाही, मुलगा पाठीवर घेऊन जिना चढवायचा कारण शाखा पहिल्या मजल्यावर. प्रत्येक वेळी बँकेत जाऊन पासबुक भरून आणायच्या, शून्य. बँक म्हणायची तहसीलला जा, तहसील म्हणायचं आमच्याकडून गेलेत. मग आधारच्या साईटवर बँक सीडिंगचं स्टेटस बघितलं तर भलतीच बँक. मुलाने आईच्या आधारवर सिमकार्ड घेतलं होतं तेव्हा दुकानदाराने अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडून टाकलेलं, सगळे हप्ते त्यात पडून होते. पैसे मिळाले, पण तोपर्यंत बाईंनी सावकाराकडून घेतलेल्या पैशाचं व्याज भरलंच ना. म्हणून काकूंचं पहिलं काम हेच, मोबाईलला आधार जोडलेलं असेल तर कोणीही बघून देईल, कुठली बँक दिसते आणि स्टेटस अॅक्टिव्ह आहे का. बँकेत "आधार लिंक आहे" म्हणतात ते वेगळं, ते केवायसीपुरतं असू शकतं. तुम्ही विचारायचं की डीबीटीसाठी सीडिंग झालंय का, आणि नसेल तर तसा फॉर्म भरून द्यायचा.

सीडिंग बरोबर असेल तर पुढे बघायचं की हयातीचा दाखला यावर्षीचा दिलाय का. दरवर्षी द्यावा लागतो, नाही दिला की नाव थांबवतात. आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतं, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा किंवा अंध माणसाचा चेहरा कॅमेऱ्यापुढे नीट धरणं, डोळे उघडझाप करायला लावणं हे घरच्यांनी शांतपणे करायचं काम आहे, घाईत होत नाही. झालंच नाही तर कागदावरचा दाखला घेऊन तहसीलला लेखी द्या की मोबाईलवर होत नाही, आणि घरी येऊन पडताळणी करा अशी विनंती त्यातच लिहा. कुष्ठरोगाने बोटं गेलेली, हात नसलेली माणसं यांचा अंगठा उठत नाही म्हणून परत पाठवतात, तेही चुकीचं आहे, आधारमध्ये अशांसाठी बायोमेट्रिकची सूट आहे, डोळ्यांवरून, चेहऱ्यावरून ओळख पटवता येते.

मग नाव. आधारवर एक, पासबुकवर दुसरं, मंजुरीत तिसरं, हे इतकं असतं की विचारू नका. माहेरचं-सासरचं नाव, एखादी वेलांटी. आधार हा मुख्य धरून बाकी सगळं त्याला जुळवून घ्या.

कधी कधी पैसे खात्यात येतात पण बँक देत नाही, घरच्या पीककर्जाच्या नावाखाली खाते होल्ड. हे करू नये असं जिल्हाधिकाऱ्यांकडून बँकांना वारंवार सांगितलं जातं. शाखाधिकाऱ्याला लेखी द्या, त्याची प्रत अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकाला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला. लेखी गेलं की बहुतेक उघडतात.

बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी असलेली व्यक्ती १८ ची झाली की बँक आईवडिलांच्या सहीने व्यवहार करू देत नाही, तिथे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती देते, कोर्टात जावं लागत नाही. मुलगा सतराचा झाला की हे काम हातात घ्या. आणि या मुलांसाठी निरामय आरोग्य विमाही आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, तो बहुतेकांना माहीत नसतो.

ग्रामपंचायतीचं राहिलं. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, झेडपी, नगरपालिकांनाही हेच. लहान गावात ही रक्कम थोडीच असते, पण ती वाटलीच नाही असं सर्रास होतं. ग्रामसभेत गावातल्या सगळ्या दिव्यांगांच्या सह्या घेऊन मागणी द्या आणि ठरावात नोंद करायला लावा, एकट्याने मागितलं की पुढच्या वर्षी बघू म्हणतात.

तुमच्यापुरतं क्रमाने सांगायचं तर आधी यूडीआयडीचा नवा अर्ज दोन्ही अपंगत्वं टाकून, तो चालू असतानाच उत्पन्न आणि रहिवासी दाखला, आणि भावाचं शून्य शिलकीचं खातं उघडून त्याला सीडिंग. यूडीआयडीला वेळ लागतो, त्या वेळात बाकीचं होऊन जातं. कार्ड आलं की रंगही कळेल, ४० ते ७९ टक्क्यांना पिवळं मिळतं. कानाच्या तपासणीच्या आदल्या दिवशी भावाला कान साफ आहे का ते बघायला लावा, मळ किंवा सर्दी असली की डॉक्टर तपासणी पुढे ढकलतात आणि पुन्हा तेवढ्याच अंतरावरून यावं लागतं.